ट्रायल बॅलन्स जुळला, तरच तो बॅकअप

पत्र :

"मी सांगलीत गावभागात राहते. घरूनच वीस-पंचवीस दुकानदारांची टॅलीची आणि जीएसटीची कामं करते. दिवाळीनंतर लॅपटॉप अचानक बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलला, चार दिवस लावले आणि 'मॅडम, डेटा वाचला, नशीब समजा' म्हणून हातात दिला. ते चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आता घरात तीन मतं आहेत. मुलगा म्हणतो, सगळं गूगल ड्राइव्हवर टाक, विषय संपला. हे म्हणतात, पेनड्राइव्हवर घे आणि कपाटात ठेव. पुण्याचा भाऊ म्हणतो, नास घे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, त्यात दोन डिस्क असतात, एक गेली तरी दुसरी चालते. शिवाय वडिलांनी २००३ साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत डीटीपी करून घेतला होता. त्याची सीडी मिरजेला आईकडे होती, ती मी आणली. माझ्या लॅपटॉपला सीडी लागत नाही, म्हणून शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर लावली, तर मोठी फाइल उघडेना आणि वर्डची एक छोटी उघडली त्यात नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. मला टॅलीपलीकडे कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. नक्की कोणाचं ऐकू?"

— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, तिघांचंही थोडं थोडं ऐका. घरातल्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर एकेक संकट धरलंय आणि त्या संकटापुरता त्याचा उपाय बरोबर आहे. मुलाला लॅपटॉप पुन्हा बंद पडण्याची धास्ती आहे. यजमानांचा इंटरनेटवर विश्वास नाही. भावाला डिस्क मरण्याची काळजी. पण हिशेबाचं काम करणाऱ्याच्या घरी सगळ्यात जास्त वेळा येणारं संकट तिघांच्याही यादीत नाही. ते म्हणजे ऑक्टोबरात झालेली चूक पुढच्या सप्टेंबरात ऑडिटच्या वेळी सापडणं. घाईत एखादं व्हाउचर खोडलं जातं, दोन लेजर चुकून एक होतात, किंवा मदतीला आलेली मुलगी एका कंपनीचा (टॅलीत प्रत्येक दुकानदाराचा हिशेब म्हणजे एक 'कंपनी') जुना बॅकअप चालू डेटावर चढवते. लॅपटॉप ठणठणीत असतो, डिस्क ठणठणीत असते, फक्त आतला हिशेब चुकीचा असतो. आणि तुमची प्रत जर रोज ताज्या डेटाने पुसून लिहिली जात असेल, तर त्या प्रतीतही तोच चुकीचा हिशेब असतो.

म्हणून आधी मुलाच्या ड्राइव्हबद्दल बोलू. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही मंडळी मुळात दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवण्याचं काम करतात. लॅपटॉपवर फाइल बदलली की तिकडे बदलते, इकडे खोडली की तिकडेही जाते. खोडलेली फाइल गूगलच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. शिवाय कॉम्प्युटरवरच्या गूगल ड्राइव्हला दोन पद्धती असतात. एकीत फाइली लॅपटॉपवरही असतात. दुसरीत लॅपटॉपवर नुसती नावं दिसतात, माल सगळा गूगलकडे. तुमच्याकडे यातली कोणती चालू आहे हे मुलाला आज विचारा. आणि विंडोज ११ असेल तर तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आधीच वनड्राइव्हमध्ये जात नाहीत ना, तेही बघायला सांगा. तिथे फुकट जागा ५ जीबीच मिळते. ती भरली की नव्या फाइली वर जाणं थांबतं आणि आपण मात्र सगळं वर आहे या समजात असतो.

'सारखं ठेवणं' आणि 'जपून ठेवणं' यांतला फरक जगात कुणाला सर्वांत महाग पडला असेल, तर मर्स्क या जहाज कंपनीला. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये कर आणि हिशेबासाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं. हो, तुमच्याच धंद्यातलं. त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. आपल्याकडे न्हावाशेवा बंदरात मर्स्कच्या गटाकडे असलेल्या टर्मिनलचं काम त्या दिवशी ठप्प झालं होतं. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कशाची परवानगी आहे, ही सगळी नोंद सुमारे दीडशे सर्व्हरांवर होती. ते सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून घेत असत, म्हणजे एक गेला तरी बाकीच्यांकडे प्रत आहेच, असा हिशेब. व्हायरसने सगळे एकदमच पुसले. उरला फक्त एक, आफ्रिकेत घानामधला. तो का वाचला? हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडला होता. म्हणजे लोडशेडिंगने वाचवलं! पुढची गंमत अशी, की तिथलं इंटरनेट इतकं मंद होतं की डेटा वर चढवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या माणसांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. मग घानाहून एक जण विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर त्याने हार्ड डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला पोचला.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण तुमच्या घरच्या वादाचा निम्मा निकाल यात लागतो. दीडशे प्रती असून कामाला आली ती जोडलेली नसलेली एकच. त्यामुळे यजमानांचं 'कपाटात ठेव' हे तिघांतलं सगळ्यात शहाणं वाक्य आहे. फक्त पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. पेनड्राइव्ह फाइली इकडून तिकडे न्यायला ठीक. तो हरवतो, कपड्यांबरोबर धुवायला जातो, नीट बाहेर न काढता उपसला की फाइल अर्धवट राहते. स्वस्तात मिळणारे 'दोन टीबी'चे पेनड्राइव्ह तर पुष्कळदा नकली असतात. कॉम्प्युटरला दोन टीबी सांगतात, आत जागा त्याच्या एखाद्या तुकड्याएवढी असते. ती भरल्यावर पुढचा डेटा घेतल्यासारखं दाखवतात आणि प्रत्यक्षात तो वाया जातो.

त्याऐवजी नावाजलेल्या कंपनीच्या, यूएसबीने जोडता येणाऱ्या दोन साध्या हार्ड डिस्क घ्या. एक टीबी तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल. टॅलीचा डेटा फार जागा घेत नाही, जागा खातात ते स्कॅन केलेली बिलं आणि फोटो. दोन्हींवर पांढरी पट्टी लावून 'क' आणि 'ख' लिहा. एक घरी, एक मिरजेला आईकडे. गावभागात राहणाऱ्या माणसाला हे का, ते मी सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. अशा वेळी लॅपटॉप, डिस्क, नास आणि सीडी एकाच कपाटात असतील, तर एकूण प्रती किती याला काही अर्थ राहत नाही. महिन्यातून एकदा आईकडे जाणं होतच असेल. नेताना घरची डिस्क न्या, तिकडची घेऊन या.

आता रोजचं काम. लक्षात ठेवून बॅकअप घेईन, असं ठरवू नका, ते कुणालाच जमत नाही. तो तुमच्या आधीच ठरलेल्या कामांना चिकटवा. तुमचा महिना तर सरकारनेच आखून दिलाय. ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० तारखेला कर भरायचं ३बी. रोज संध्याकाळी टॅली बंद करण्यापूर्वी बॅकअप घ्या. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप. ज्या कंपन्यांना त्या दिवशी हात लागला तेवढ्याच निवडल्या तरी चालेल. ठिकाण मात्र दर दिवसाला वेगळा फोल्डर द्या आणि त्याचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवा : २०२५-१२-०८ असं. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एका ओळीत येतील आणि शोधताना वैताग होईल. आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, घरची डिस्क लावा, त्या आठवड्याचे फोल्डर तिच्यावर उतरवा, डिस्क काढा. काढा हे महत्त्वाचं. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसला लॅपटॉपचाच एक भाग दिसते आणि फाइलींना कुलूप ठोकून पैसे मागणारे व्हायरस तिच्यावरही कुलूप ठोकतात. ३बी भरून झालं की २० तारखेनंतरच्या पहिल्या फेरीत डिस्क मिरजेला.

जुने फोल्डर कधी खोडायचे? आठवड्याचे रोजचे बॅकअप दोनेक महिने ठेवा. महिनाअखेरचा निदान त्या वर्षाचं ऑडिट संपेपर्यंत. ३१ मार्चचा मात्र खोडूच नका. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५पर्यंतचं, म्हणजे तो डेटा ३१ डिसेंबर २०३१पर्यंत उघडता आला पाहिजे. एखाद्या दुकानदाराचं अपील वगैरे चालू असेल तर त्याहूनही पुढे. तेव्हा तुमच्याकडे हाच लॅपटॉप नसणार हे नक्की.

मुलाच्या ड्राइव्हलाही काम देऊ, त्याला वाईट वाटायला नको. रोजच्या बॅकअपचा फोल्डर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये पडू द्या. घरात काहीही झालं तरी कालपर्यंतचं काम हाताशी राहील, आणि हा गुण डिस्कमध्ये नाही. पण एक पथ्य. टॅलीचा चालू डेटा फोल्डर कधीही ड्राइव्हमध्ये ठेवू नका. टॅली त्या फाइलींत लिहितेय आणि त्याच वेळी ड्राइव्ह त्या उचलतंय, अशी ओढाताण झाली की डेटा बिघडतो. तिकडे जायची ती बॅकअप घेतलेली, बंद फाइल. आणि ती पासवर्डशिवाय जाऊ नये. तुमच्याकडे लोकांचे पॅन आहेत, बँकेची खाती आहेत, काहींचे पोर्टलचे पासवर्डसुद्धा असतील. सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर फोल्डरची पासवर्डबंद फाइल करून देतं. मिरजेला जाणाऱ्या डिस्कवरही तीच ठेवा. हा पासवर्ड आणि टॅलीव्हॉल्ट, म्हणजे टॅलीतलं डेटाचं कुलूप, वापरत असाल तर त्याचाही पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर टॅली बनवणारेसुद्धा तो काढून देऊ शकत नाहीत.

आता शीर्षकातली गोष्ट. बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे फाइल लिहिली गेली, इतकंच. ती उघडते का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला तर हे तपासायची जगातली उत्तम कसोटी हाताशी आहे, ती आमच्यासारख्यांना नाही. महिन्यातून एकदा, डिस्क मिरजेला नेण्याच्या आदल्या दिवशी, एखाद्या दुकानदाराचा बॅकअप डिस्कवरून परत आणा. वेगळा, नवा, रिकामा फोल्डर करून त्यात आणा बरं का. चालू डेटाच्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर केलंत तर जुना डेटा नव्यावर बसेल आणि तपासणीच अपघात ठरेल. मग ती कंपनी त्या नव्या फोल्डरमधून उघडा, बॅकअपच्या तारखेचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिलकांची यादी, काढा आणि चालू कंपनीतल्या त्याच तारखेच्या ट्रायल बॅलन्सशी ताडून पाहा. पैशापैशाने जुळला की निश्चिंत व्हा. जुळला नाही, तर एक तर बॅकअप फसलाय किंवा मधल्या काळात कुणीतरी जुन्या तारखेला हात लावलाय. दोन्ही गोष्टी तुम्हाला ऑडिटरच्या आधी कळलेल्या बऱ्या. दर महिन्याला दुकानदार बदला, म्हणजे दोनेक वर्षांत सगळ्यांची पाळी येते.

'डेटा वाचला, नशीब समजा' हे दुरुस्तीवाल्याचं वाक्य खरं होतं. लॅपटॉप गेल्या काही वर्षांतला असेल तर आत एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असणार. जुन्या हार्ड डिस्कवर खोडलेली फाइल बराच काळ पडून असायची आणि रिकव्हरीवाले ती काढून द्यायचे. एसएसडी खोडलेली जागा स्वतःच साफ करून ठेवते, त्यामुळे तिथे नंतर उकरायला बहुधा काही उरत नाही. आणखी एक, मदरबोर्ड बदललाय म्हणून विचारतो. विंडोज सुरू होताना कधी ४८ आकडी किल्ली मागितली का? नव्या विंडोजवर पुष्कळदा आपल्या नकळत बिटलॉकरचं कुलूप लागलेलं असतं आणि मदरबोर्ड बदलला की ते किल्ली मागतं. ती किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मुलाला सांगून ती शोधा, छापून घ्या. सोबत गूगल खात्याचे बॅकअप कोडही छापा. असे दहा कोड मिळतात, फोन हरवला आणि ओटीपी येईना, की त्यांनीच खात्यात शिरता येतं. ड्राइव्हवर सगळं आहे पण ड्राइव्हच उघडत नाही, ही अवस्था फार केविलवाणी. हे कागद पॉलिसी आणि पीपीएफच्या पासबुकांसोबत ठेवा आणि यजमानांना दाखवून ठेवा. तुम्ही आजारी पडलात तर दुकानदार त्यांनाच फोन करणार आहेत.

भावाच्या नासचं थोडक्यात. वस्तू चांगली आहे, पण तुमच्यासाठी नाही. त्यातल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात, एक मेली तर दुसरी चालते, हे खरंच. पण चुकून खोडलेलं दोन्हींवरून खोडलं जातं आणि पाणी आलं तर दोन्ही एकाच डब्यात असतात. दहा माणसांचं ऑफिस झालं की घ्या. भावाला फारच उत्साह असेल तर त्याला दोन हार्ड डिस्क भेट द्यायला सांगा.

फोटोंचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवे मेलसुद्धा यायचे थांबतात, आणि तुमचे दुकानदार तर बिलं मेलवरच पाठवत असतील. कामाचं खाते आणि घरच्या फोटोंचं खातं वेगळं करा, एवढं पुरे.

उरला कुलवृत्तांत, आणि मला विचाराल तर या पत्रातलं सगळ्यात नाजूक काम हेच आहे. टॅलीचा डेटा गेला तर बिलांवरून पुन्हा भरता येईल, रडतखडत का होईना. हे पुन्हा भरता येणार नाही. २००३ सालचं डीटीपी म्हणजे बहुधा पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, आणि अक्षरं श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टमधली. तेव्हाचे हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्यासारखे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारे, नव्हते. आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवायची आणि फॉन्टने त्यांना देवनागरी रूप द्यायचं, अशी ती व्यवस्था. फॉन्ट नसला की उरतात ती उघडी इंग्रजी अक्षरं, जी तुम्हाला वर्डमध्ये दिसली. तेव्हा तो गोंधळ पाहून फाइल बिघडली असं समजू नका आणि सीडी टाकून तर मुळीच देऊ नका. मोठी फाइल उघडत नाही कारण पेजमेकर केव्हाच बंद झालं. अडोबी कंपनीचं तशाच कामाचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर सीएस६ या आवृत्तीपर्यंत त्या फाइली उघडायचं, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडलं.

पहिलं काम, सीडी जशीच्या तशी पूर्ण कॉपी करा, एखादा फोल्डर फॉन्टचा असेल तर तो आवर्जून. घरी बर्न केलेल्या सीडी वीस-बावीस वर्षांत वाचायला कुरकुर करू लागतात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर ती अजून चालतेय तोवरच हे उरका. मग सांगलीत किंवा कोल्हापुरात जुना छापखाना गाठा. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक करणाऱ्या एखाद्याकडे कोपऱ्यात जुनं मशीन, त्यावर पेजमेकर आणि श्रीलिपीचं डोंगल (ते सॉफ्टवेअर चालू करणारी किल्ली) अजून असण्याची शक्यता असते. त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या. फॉन्ट आतच बसवलेली पीडीएफ, जी कुठेही तशीच दिसेल. आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून. बदलताना रफार इकडचा तिकडे जातो, काही जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी घसरते, त्यामुळे नावं आणि गावं तरी मूळ छापील प्रतीशी ताडून वाचायला हवीत. ते काम आईला द्या. कुणाची सून कुठली आणि कोण दत्तक गेलं, हे कुठल्याही कन्व्हर्टरपेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. छापील प्रत एकच उरली असेल तर तिचं स्कॅनिंगही त्याच फेरीत करून घ्या, आणि तयार पीडीएफ नात्यातल्या सगळ्यांना पाठवा. टॅलीच्या डेटासारखी याला पासवर्डची गरज नाही, जितक्या घरांत जाईल तितकं बरं.